वळवाच्या ढगांच्या वरचा लाल झोत: महाराष्ट्रातून स्प्राइट कसा टिपायचा

वीज ढगातून खाली पडते हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तीच वीज पडल्यावर ढगाच्या पुष्कळ वर, जमिनीपासून ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, क्षणभर लाल झुंबरासारखं काहीतरी पेटून विझतं. त्याला स्प्राइट म्हणतात. ते टिपायला महागडी दुर्बीण लागत नाही. चांगल्या अपर्चरची एक लेन्स, घट्ट तिपाई आणि अंधारं क्षितिज एवढ्यावर काम होतं. चुकतं ते बहुतेकदा अंतर निवडताना. वीज जवळ आली की लोक कॅमेरा काढतात, आणि स्प्राइटसाठी नेमकी तीच वेळ बाद असते. ढग तुमच्यापासून दोन-तीनशे किलोमीटर लांब हवा. पुण्यात उभं राहून लातूरवरचा पाऊस बघायचा, असा हा हिशेब आहे.

आधी थोडं कारण, कारण त्यावरच सगळी तयारी ठरते

ढगातून जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजा ऋण भार खाली आणतात. काही थोड्या धन भार आणतात, आणि स्प्राइट जवळजवळ सगळेच्या सगळे या धन विजांमागून येतात. मोठ्या वादळाच्या मागे जो पसरट, संथ पावसाचा पट्टा असतो, तिथे धन भाराचा मोठा साठा तयार होतो. एकच वीज तो साठा झटक्यात रिकामा करते, तेव्हा ढगाच्या वरचं विद्युत क्षेत्र एकदम वाढतं. जमिनीलगतच्या हवेत ठिणगी पडायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट लागतात. ७५ किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की शंभरेक व्होल्टमध्ये भागतं. म्हणून ठिणगी ढगाला चिकटून पडत नाही, तिथे वर पडते. सुरुवात साधारण ७० ते ८० किलोमीटरवर होते, तिथून तंतू खाली उतरतात आणि मग काही फांद्या वर जातात. लाल रंग नायट्रोजनचा. खालच्या टोकांना, जिथे हवा दाट होत जाते, तो निळसर जांभळा होतो.

भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी असं काही घडू शकेल हे १९२० च्या दशकातच मांडलं होतं. पहिलं चित्र मात्र ६ जुलै १९८९ चं. मिनेसोटा विद्यापीठात जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी रॉकेटवर बसवायचा मंद प्रकाशाचा कॅमेरा तपासत होते, आणि लांबच्या वादळावर दोन उजळ खांब त्यांच्या टेपवर आले. म्हणजे पहिला स्प्राइटही लांबच्या ढगावर कॅमेरा रोखलेला होता म्हणूनच सापडला.

या प्रकाशाचं आयुष्य काही मिलिसेकंद ते काही दहा मिलिसेकंद. पुढची सगळी सेटिंग्ज या एका आकड्यातून निघतात.

ढग कोणता आणि किती लांब

पृथ्वीच्या गोलाईमुळे लांबचा ढग क्षितिजाखाली बुडतो, पण त्यावरचा स्प्राइट उंच असल्यामुळे दिसत राहतो. ५० ते ९० किलोमीटर उंचीचा स्प्राइट वेगवेगळ्या अंतरावरून क्षितिजापासून किती वर दिसेल, तो हिशेब असा:

१५० किमी: १८ ते ३० अंश
२०० किमी: १३ ते २३ अंश
२५० किमी: १० ते १९ अंश
३०० किमी: ८ ते १५ अंश
४०० किमी: ५ ते ११ अंश
५०० किमी: साडेतीन ते ८ अंश

अंश मोजायला हात पुरतो. हात सरळ ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, पूर्ण ताणलेली वीत म्हणजे २० च्या आसपास. २५० किलोमीटरवरच्या वादळाचा स्प्राइट क्षितिजापासून एक मूठ वर सुरू होतो आणि एका वितीपाशी संपतो. त्याच वादळाच्या १५ किलोमीटर उंच ढगाचं डोकं मात्र जेमतेम दोन अंशांवर असतं, म्हणजे ताणलेल्या हाताच्या करंगळीच्या दोन रुंदीइतकं. नवखा माणूस त्या ढगावर कॅमेरा रोखतो आणि वरचं रिकामं आकाश कापून टाकतो. त्या रिकाम्या आकाशातच सगळं घडतं.

१५० पेक्षा जवळ गेलात तर ढगाचा पसरलेला माथाच वरचं आकाश झाकतो. ४०० च्या पुढे स्प्राइट धुळीच्या आणि धुरकटाच्या थरात बुडतो. २०० ते ३५० हा पट्टा उत्तम.

महाराष्ट्रात याचा अर्थ असा. पुण्याहून सोलापूर सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर, लातूर २९०, नांदेड ३७०. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरून सोलापूर-विजापूरकडचं आभाळ २४०-२५० वर येतं. म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावर बसलेल्या माणसाला मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक ही हक्काची रंगभूमी आहे. हैदराबाद पुण्यापासून ५०० च्या आसपास, तिथलं वादळ फार मोठं असेल आणि हवा धुतलेली असेल तरच प्रयत्न करावा.

आणखी एक गोष्ट पश्चिमेकडून बघणाऱ्याच्या बाजूची आहे. एप्रिल आणि मेच्या मध्यापर्यंत वरच्या थरातले वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, त्यामुळे ढगाचा ऐरणीसारखा पसरणारा माथा पलीकडे जातो आणि तुमच्या बाजूची कड स्वच्छ राहते. पावसाळ्यात वरचे वारे उलटे होतात, पूर्वेकडून येतात, आणि तोच माथा तुमच्या डोक्यावर सरकतो. सप्टेंबरमध्ये पुण्या-साताऱ्याहून निराशा होते ती पुष्कळदा यामुळे. तेव्हा वादळाच्या पूर्वेला असलेला बघणारा नशीबवान.

हंगाम आणि रात्र

एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे दोन हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धो धो पडतो, पण विजा कमी असतात आणि आकाशही झाकलेलं असतं. तो काळ उपकरणं दुरुस्त करण्यात घालवावा.

वळवाचा प्रत्येक ढग कामाचा नसतो. दुपारी चारला उठून सात वाजता रिकामा होणारा सुटा ढग कितीही कडाडला तरी त्यातून स्प्राइट क्वचितच येतो. हवा तो एकत्र जुळलेला, रात्री नऊ-दहानंतरही टिकणारा मोठा समूह. अमेरिकेच्या मैदानी भागातल्या निरीक्षणांवरून एक अंदाज रूढ आहे: रडारवर दिसणारा पावसाचा पट्टा सुमारे २०,००० चौरस किलोमीटर झाला की शक्यता चांगली. पुणे जिल्हा साडेपंधरा हजारांचा आहे, म्हणजे त्याहून मोठा पट्टा डोळ्यांसमोर आणा. असं जुळणं मराठवाडा-तेलंगणा-विदर्भ या पट्ट्यात काही रात्री होतं, रोज होत नाही. बंगालच्या बाजूला कालबैशाखीच्या, म्हणजे तिकडच्या वळवाच्या दिवसांत ते जास्त वेळा होतं.

दिवसाची आखणी अशी ठेवा. संध्याकाळी सहाला इन्सॅटचं अवरक्त चित्र बघा. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर ते मिळतं. उणे ६० अंशांहून थंड, सलग आणि मोठा माथा कुठे आहे ते शोधा. आठला मुंबई, गोवा, नागपूर, हैदराबाद यांपैकी जवळच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडा. त्यात लाल ठिपक्यांच्या मागे हिरवा-पिवळा रुंद पट्टा तयार होऊ लागला असेल तर निघा. मग विजांच्या थेट नकाशावर ते ठिकाण पुण्यापासून, किंवा तुम्ही असाल तिथून, किती लांब आणि कोणत्या दिशेला आहे ते मोजा. ब्लिट्झऑर्टुंगचा खुला नकाशा यासाठी सोयीचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी अ‍ॅप फोनवर असायलाच हवं, पण त्याचं काम वेगळं आहे. ते तुमच्याभोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळातला धोका सांगतं. लांबचं सावज शोधायला नकाशा, जीव सांभाळायला दामिनी.

वादळ ऐन भरात असतं त्यापेक्षा ते किंचित ओसरू लागतं तेव्हाची वेळ चांगली. क्षितिजावर ओळखू येतं: सतत लुकलुकणारी बारीक चमक कमी होते आणि मधूनमधून एकच लांब, संथ, आख्खा ढग आतून उजळवणारी वीज दिसू लागते. अशी प्रत्येक संथ वीज म्हणजे एक संधी. चांगल्या वादळात काही मिनिटांना एक स्प्राइट मिळू शकतो, आणि मग अर्धा तास काहीच नाही असंही होतं.

चंद्र नसलेला उत्तम. चतुर्थी-पंचमीची कोर चालते, पौर्णिमेला जाऊ नका. आणि आदल्या दिवशी तुमच्याकडे एक सर पडून गेली असेल तर ती रात्र सोडू नका. एप्रिलची धूळ खाली बसलेली असते, आणि दहा अंशांखालचं आकाश तुम्हाला वर्षभरात इतकं स्वच्छ फारसं मिळत नाही.

जागा

पूर्वेचं क्षितिज मोकळं आणि अंधारं हवं. पुण्याच्या पश्चिमेला बसून पूर्वेकडे बघितलं तर सगळा शहराचा उजेड चौकटीत येतो, म्हणून शहर ओलांडून पुढे जा. कोकणातून बघायचं तर सह्याद्रीची भिंत आडवी येते: दहा किलोमीटरवरची हजार मीटरची कड जवळपास सहा अंश खाते, आणि ४०० किलोमीटरवरचा स्प्राइट पाच अंशांपासून सुरू होतो. कोकण आणि गोव्याला समुद्र मात्र खुला आहे. मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये अरबी समुद्रावर लांब उठलेलं वादळ किनाऱ्यावरून दिसलं तर कॅमेरा पश्चिमेला वळवा. ढगाच्या माथ्यातून थेट ७०-९० किलोमीटरपर्यंत चढणारे महाकाय झोत उष्ण कटिबंधातल्या, विशेषतः समुद्रावरच्या वादळांतून जास्त नोंदले गेले आहेत. त्यांच्यासाठी चौकटीत ढगाचा माथाही आला पाहिजे.

गडांवर रात्री थांबायला अनेक ठिकाणी बंदी आहे, परवानगीशिवाय जाऊ नका. शेताचा बांध, गच्ची, धरणाजवळची मोकळी जागा चालते. उंचीने फारसा फरक पडत नाही, क्षितिजाने पडतो.

गडगडाट ऐकू आला की काम थांबवा. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, म्हणजे ऐकू आला तर पुढची वीज तुमच्यावर पडू शकते इतकं वादळ जवळ आहे. तिपाई तशीच सोडा आणि काचा बंद करून गाडीत किंवा पक्क्या घरात बसा. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही. लांबच्या वादळाकडे टक लावून बसलेल्या माणसाच्या पाठीमागे दुसरं वादळ उभं राहतं, हे वळवाच्या दिवसांत नेहमीचं आहे. दर वीस मिनिटांनी उठून चारही दिशा बघा.

कॅमेरा आणि लेन्स

सगळ्यात आधी अपर्चर. एफ १.४ ते एफ २ मधली लेन्स हवी. ५० मिमी एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांची सगळ्यात स्वस्त लेन्स असते, आणि या कामाला ती उत्तम आहे. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते, म्हणजे एफ १.८ च्या तुलनेत जवळपास दहावा हिस्सा प्रकाश आत येतो. तिने अगदी तेजस्वी स्प्राइट मिळेलही, पण दहातले नऊ गमवाल.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स ४० अंश रुंद आणि २७ अंश उंच आकाश दाखवते. क्षितिज चौकटीच्या तळाशी, खालच्या दहाव्या हिश्शात ठेवलं की २०० ते ३०० किलोमीटरवरचा सगळा स्प्राइट आत बसतो. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच चौकट ३५ मिमीने मिळते. रुंदी मुद्दाम जास्त हवी: स्प्राइट खालच्या विजेच्या बरोब्बर वर पडेलच असं नाही, तो ५० किलोमीटर बाजूलाही सरकतो, आणि २५० किलोमीटरवर ते अकरा अंश होतात. ८५ मिमी लेन्सने तंतू फार सुंदर दिसतात, पण पहिल्या रात्री ती वापरू नका.

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. ढगातल्या विजेचं प्रतिबिंब त्यात उमटतं आणि नसलेला स्प्राइट दाखवतं.

मोबाइलने हे होत नाही असं गृहीत धरा.

दुसरा मार्ग सीसीटीव्हीचा, आणि ज्याला वर्षभर नोंदी करायच्या आहेत त्याच्यासाठी तोच चांगला. आयएमएक्स २९१ किंवा ३०७ सेन्सरचा आयपी कॅमेरा, त्यावर ८ मिमी एफ १.० ची लेन्स, आणि सोबत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. उल्का नोंदवणारे हौशी खगोलप्रेमी जगभर हीच जुळणी वापरतात. चौकट सुमारे ३८ बाय २२ अंशांची मिळते. कॅमेरा कायम रात्रीच्या मोडवर ठेवा म्हणजे अवरक्त अडवणारा फिल्टर बाजूला होतो. स्प्राइटचा बराचसा प्रकाश गडद लाल आणि त्यापलीकडे आहे, तो फुकट मिळतो. कॅमेऱ्याचे स्वतःचे अवरक्त दिवे मात्र बंद करा, नाहीतर समोर उडणारा प्रत्येक किडा नोंदला जाईल.

सेटिंग्ज: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

ताऱ्यांचे फोटो काढणारे इथे सवयीने २० सेकंद एक्स्पोजर देतात. स्प्राइट दहा-वीस मिलिसेकंद जगतो. शटर एक सेकंद उघडं असो की वीस, त्याचा प्रकाश तेवढाच येतो. वाढतो तो आकाशाचा उजेड, आणि वीस सेकंदांत तो स्प्राइटला गिळून टाकतो. म्हणून छोटी एक्स्पोजर्स, एकामागून एक, खंड न पडता.

फोटो काढायचे तर: अपर्चर पूर्ण उघडं, २ सेकंद, आयएसओ ३२०० ते ६४००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास पक्का, रॉ. कॅमेरा सलग फोटोंच्या मोडवर टाका आणि केबल रिलीजचं बटण दाबून कुलूपबंद करा. ठरावीक वेळाने फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर वापरलात तर त्याची किमान एक सेकंदाची विश्रांती आड येते: दोन सेकंद उघडं, एक सेकंद बंद, म्हणजे रात्रीचा एक तृतीयांश वेळ कॅमेरा आंधळा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, ते चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा झाकण लावल्यासारखा बसतो. लेन्सची थरथर रोखणारी सोय तिपाईवर बंद. तासाला सुमारे १८०० फोटो होतात. २५ एमबीची रॉ फाइल धरली तर ४५ जीबी. जागा कमी असेल तर ४ सेकंद करा, त्यापुढे जाऊ नका. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तेच वापरा, यांत्रिक शटर एका हंगामात झिजवाल.

व्हिडिओ काढायचा तर: २५ फ्रेम, शटर १/२५, आयएसओ १२८०० ते २५६००, सगळ्यात जास्त बिटरेट. इथे शटरचा आकडा फार महत्त्वाचा. व्हिडिओ शिकवताना २५ फ्रेमला १/५० शटर ठेवा असं सांगतात, हालचाल नैसर्गिक दिसते म्हणून. इथे १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममधला निम्मा वेळ शटर बंद असतं, आणि निम्मे स्प्राइट त्या बंद वेळात निघून जातात. १/२५ ठेवलं तर खंड उरत नाही.

१/२५ वरही एक गोष्ट दिसेल आणि घाबरायला होईल: स्प्राइटचं डोकं एका फ्रेममध्ये आणि पाय दुसऱ्या फ्रेममध्ये, मधे सरळ आडवी रेघ. कॅमेरा बिघडलेला नाही. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. स्प्राइट त्या वाचनाच्या मधेच पेटला की काही ओळी जुन्या फ्रेममध्ये जातात, काही नव्या. दोन्ही फ्रेम एकमेकींवर ठेवून प्रत्येक ठिकाणचा जास्त उजळ बिंदू घेतला की आख्खा स्प्राइट परत मिळतो.

फोकस हाताने. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा तेजस्वी तारा दहापट मोठा करा. तारा ठिपका होईपर्यंत रिंग हळू फिरवा, ठिपका होऊन पुन्हा पसरू लागला की अर्धा केसभर मागे या, आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. अनंताच्या खुणेवर विसंबू नका, बऱ्याच लेन्स त्या खुणेच्या पलीकडेही फिरतात. रात्री हवा गार होते तसा फोकस सरकतो, दर तासाला पुन्हा बघा.

दव हा ऑक्टोबरचा शत्रू. अकराच्या सुमारास लेन्सवर धुकट थर बसतो, स्क्रीनवर कळत नाही, आणि सकाळी दोन तासांचं काम दुधात बुडालेलं निघतं. यूएसबीवर चालणारी ५ वॉटची उष्णपट्टी सुरुवातीपासूनच लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळा, दव पडल्यावर नाही. २०,००० एमएएचची पॉवरबँक प्रत्यक्षात ६० वॉट-तासांच्या आसपास देते, म्हणजे पट्टीला रात्रभर पुरते. कॅमेऱ्याला वेगळी द्या. पुष्कळ जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी व्हिडिओ आपोआप थांबवतात, त्याचा गजर लावून ठेवा.

नुसत्या डोळ्यांनी

दिसतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं द्या, फोन खिशात ठेवा. एक पुठ्ठा असा धरा की ढगातली चमक झाकली जाईल आणि त्याच्या वरची एक मूठ-वीत जागा उघडी राहील. विजेने डोळे दिपले नाहीत तर वर क्षणभर काहीतरी मळकट लालसर हललेलं जाणवतं. नजर थेट तिथे न रोखता किंचित बाजूला ठेवली तर जास्त दिसतं. रंग नीट कळत नाही, पण आकार कळतो: उभे खांब, किंवा खाली निमुळता होत गेलेला गाजरासारखा गुच्छ.

सकाळी: हजारो फ्रेममधून शोधणं

एका तासाच्या व्हिडिओत ९०,००० फ्रेम असतात आणि स्प्राइट त्यातल्या एक-दोनमध्ये. प्लेअरवर बघत बसलात तर डोळा लवेल आणि तो निघून जाईल. शंभर-शंभर फ्रेमचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यातून कमाल उजळ बिंदूंचं एक चित्र बनवा. एफएफएमपेग आणि स्टारस्टॅक्ससारखी मोफत साधनं ही कामं करतात. तासाची ९०० चित्रं होतात, ती दीड तासात बघून संपतात. ज्यात ढगावर काही लालसर दिसलं तो गठ्ठा उघडा आणि फ्रेम शोधा.

खरा स्प्राइट ओळखायची खूण एकच, पण पक्की: त्याच फ्रेममध्ये किंवा किंचित आधीच्या फ्रेममध्ये खाली ढग उजळलेला असला पाहिजे. स्प्राइट विजेनंतर काही मिलिसेकंदांनी, कधी शंभराहून जास्त मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे दोन-तीन फ्रेमचा फरक पडू शकतो. खाली वीजच नसेल तर ते दुसरं काहीतरी आहे. उल्का अनेक फ्रेममध्ये सरकत जाते. गरम पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो. लेन्समधलं प्रतिबिंब चौकटीच्या मध्यबिंदूच्या बरोब्बर समोर, विजेच्या उलट बाजूला पडतं. मध्यातून रेघ ओढून बघा.

स्प्राइटच्या वरच्या भागापाशी, ८० किलोमीटरच्या आसपास, मंद तबकडी दिसली तर ती प्रभा. एकाच फ्रेममध्ये आकाशभर पसरलेलं फिकट लाल कडं दिसलं तर ते एल्व्ह असण्याची शक्यता आहे: विजेचा विद्युतचुंबकीय धक्का आयनांबरात पोचतो तेव्हा शेकडो किलोमीटर रुंदीचं ते वर्तुळ एक मिलिसेकंदाच्या आत पेटून जातं. ढगाच्या माथ्यातून वर उडणारे निळे झोत जमिनीवरून फार क्वचित सापडतात, कारण निळा प्रकाश वाटेतली हवा विखरून टाकते. ते वरून बरे दिसतात: २०१५ च्या सप्टेंबरमध्ये डॅनिश अंतराळवीर आंद्रेआस मोगेन्सन यांनी अंतराळ स्थानकावरून बंगालच्या उपसागरावरच्या वादळाच्या माथ्यावर असे निळे स्फोट चित्रित केले. त्याआधी, २००३ च्या जानेवारीत, कल्पना चावला ज्या कोलंबियावर होत्या त्याच यानातून इस्रायली अंतराळवीर इलान रामोन यांनी स्प्राइट आणि एल्व्ह टिपले होते. यान परतलं नाही, पण बरीचशी चित्रं आधीच पृथ्वीवर पाठवलेली होती, आणि ती वापरली गेली.

उंची काढणं आणि वेळ लिहिणं

फ्रेममधले तारे ओळखून स्प्राइटच्या टोकाचा क्षितिजापासूनचा कोन काढा. अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट तारे ओळखायचं काम स्वतः करतं. विजांच्या नोंदीतून त्या क्षणी पडलेल्या विजेचं अंतर घ्या. अंतराला कोनाच्या टॅनने गुणा आणि गोलाईची भर घाला: अंतराचा वर्ग भागिले १२,७४२. समजा वीज २५० किलोमीटरवर पडली आणि टोक १८.५ अंशांवर आहे. २५० गुणिले ०.३३५ म्हणजे ८४, अधिक ४.९, म्हणजे साधारण ८९ किलोमीटर. उत्तर १२० आलं तर बहुधा वीज चुकीची धरली आहे.

योग्य वीज धरायला वेळ अचूक हवी, आणि बहुतेक हौशी नोंदी इथे निकामी होतात. कॅमेऱ्याचं घड्याळ दिवसाला सेकंद-दोन सेकंद सरकतं, आणि मोठ्या वादळात एका सेकंदात अनेक विजा पडतात. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी फोनवर जीपीएस घड्याळाचे सेकंद दाखवून ते त्याच कॅमेऱ्याने चित्रित करा. रास्पबेरी पाय असेल तर नेटवरून वेळ सतत जुळवत ठेवा. नोंद जागतिक वेळेत लिहा, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. १९ मे २०२२ च्या रात्री तिबेटच्या दक्षिण पठारावरून दोन चिनी छायाचित्रकारांनी हिमालयाच्या बाजूच्या एकाच वादळावरचे १०५ स्प्राइट टिपले. त्यांच्या व्हिडिओत अचूक वेळ नव्हती. शास्त्रज्ञांनी फ्रेममधून जाणारे उपग्रह आणि तारे यांच्या जागांवरून वेळ परत बसवली, तेव्हा कुठे स्प्राइट आणि विजांची जोडी लागली.

प्रत्येक नोंदीसोबत ही माहिती ठेवा: जागेचे अक्षांश-रेखांश, जागतिक वेळ आणि तिच्यातली चूक किती असू शकते, कॅमेरा, लेन्स, अपर्चर, शटर, आयएसओ, कॅमेऱ्याची दिशा, आणि मूळ फाइल. रंग वाढवलेली प्रत वेगळी साठवा, मूळ फाइलला हात लावू नका. नासाचा स्प्रिटॅक्युलर हा लोकसहभागाचा प्रकल्प २०२२ पासून जगभरातल्या अशा नोंदी गोळा करतो, मराठवाड्याच्या वादळावरचा तुमचा स्प्राइटही तिथे पाठवता येतो. काहीच न मिळालेल्या रात्रीही वहीत लिहा: किती ते किती वाजेपर्यंत बघितलं, वादळ कुठे होतं, आकाश कसं होतं.